अपघात बापाच्या नावावर

मंडळी, आज दुपारचं जेवण घशाखाली उतरलं नाही, म्हणून लिहितेय.

मी मालवणात गाड्यांचा विमा उतरवून देते. सकाळी एक गिऱ्हाईक आलं, सोबत त्याचे म्हातारे वडील. काल भर दुपारी बांद्याहून पिऊन येताना ह्याने गाडी माडावर घातली. आधीचे दोन अपघातही असेच, त्यामुळे हप्ता वाढलेलाच. आता दारूचं कळलं तर कंपनी एक पैसा देणार नाही.

तर हा खुर्चीत रेलून भरपाईच्या अर्जाकडे बोट दाखवत म्हणतो, "गाडी बाबा चलयत होते म्हणान लिव गो. तेंचो रेकॉर्ड बरो आसा."

बरो आसा! ह्याचे बाबा एसटीचे ड्रायव्हर होते. मी कॉलेजला त्यांच्याच गाडीने जायचे. विनाअपघात सेवेबद्दल मिळालेला बिल्ला ते अजून दर गणेश चवथीला नव्या शर्टावर लावतात.

मी त्यांच्याकडे बघितलं. मान खाली घालून म्हणाले, "लिव गो बाय. माका आता खंय गाडी चलवची आसा?"

किळस आली मला. म्हटलं, "मी लिवचंय नाय."

तो हसला. "दुसरो कोणतरी लिवून देतलो," म्हणाला आणि बापाला घेऊन गेला.

दुपारपर्यंत दिलंही कुणीतरी लिहून. वर बाजारात लोक मलाच विचारतात, "तुझा काय गेला असता?"

घर, बागायत सगळं ह्याने कधीच स्वतःच्या नावावर करून घेतलंय. बापाच्या नावावर काय ठेवलं, तर हा अपघात.

मला एवढंच सांगा, येत्या चवथीला बाबा तो बिल्ला लावतील?