दीपगृहाची बंदूक

बाजारात कागदी दीपगृहाचा संच मिळतो. रेघांवर कापायचं, घड्या घालायच्या, चिकटवायचं, की दीपगृह उभं राहतं. आमच्या ह्यांनी त्याची बंदूक केली. कुठल्याशा परग्रहावरच्या शिपायाची, सगळी मनानं रचलेली. निमुळता मनोरा आडवा होऊन नळी झाला, पायथ्याच्या खडकाचा दस्ता झाला. लाल-पांढरे पट्टे दिसायला नकोत म्हणून कागदाची छापील बाजू आत गेली आणि वरून करडा रंग बसला.

ह्यांची सगळी नोकरी बंदुकांच्या कारखान्यात झाली. "तिथे एक रेघ माझ्या मनाची नव्हती," असं म्हणत त्यांनी ती माझ्या हातात दिली.

मी ती उजेडाकडे धरून नळीला डोळा लावला. ह्यांनी झटकन माझा हात बाजूला ओढला.

"नळीत कधी बघायचं नाही!"

"अहो, कागदाची आहे."

"असू दे."

माणूस निवृत्त होतो, त्याचे हात होत नाहीत. पण तेवढ्यात मला आतलं दिसलं होतं. दीपगृहाच्या चिमुकल्या खिडक्या नळीभर होत्या, आणि प्रत्येकीत पिवळा दिवा लागलेला होता.