गुंजभरच्या रक्तातले दोन आकडे

आमच्या बाजारात तराजू दुरुस्त करणारा एक गृहस्थ आहे. सगळे त्याला गुंजभर म्हणतात, कारण गुंजभर फरकासाठी तो गिऱ्हाइकाशी अर्धा तास हुज्जत घालतो. पाच ग्रॅमचं वजनसुद्धा बोटाने उचलणार नाही, चिमटाच हवा. "बोटाचा घाम वजनाला चढतो," म्हणतो. लग्नाला तीस वर्षं झाली, बायकोलाही याने चिमट्यानेच हात लावला असणार, असं मी तोंडावर म्हणायचो. माझा गाळा त्याला लागून, मधली भिंत फळ्यांची. त्यामुळे त्याचं शिंकणं, खोकणं, फोन, सगळं मला घरपोच मिळतं.

गेल्या साली बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि हा लांबच्या एका गोदामातला ट्रक तोलायचा काटा दुरुस्त करायला. आठ दिवसांनी परतला तो शीळ घालत. मी म्हटलं, पाणी मुरतंय. खोदून विचारलं तेव्हा कळलं, गोदामात पावत्या फाडणारी एक बाई होती. पुढचं समजायला तुम्ही शहाणे आहात.

दोन आठवड्यांनी त्या बाईचा फोन आला आणि शीळ थांबली.

"मला फोड आलेत. डॉक्टर हर्पिस म्हणाले. तुम्हीही तपासून घ्या," एवढंच ती म्हणाली. रडली नाही, भांडली नाही.

गुंजभर माझ्यापुढे येऊन उभा. "हर्पिस म्हणजे नागीणच ना रे? मावशीला झाली होती, बरी झाली."

"मला काय विचारतोस? मी काय गोदामात होतो?"

तो त्याच दुपारी लॅबमध्ये गेला. तिथली मुलगी म्हणाली, "काका, अंगावर काही आलंय?"

"नाही."

"मग आत्ता रक्त देऊन काय करणार? रक्तात खूण उमटायला वेळ लागतो. बारा आठवडे होऊ देत."

बारा आठवडे! तेवढ्यात बायको नातवाचे फोटो घेऊन परत आली. याने पाठ धरल्याचं सांगून बाहेरच्या खोलीत अंथरूण टाकलं. टॉवेल वेगळा, पेला वेगळा. ती बिचारी रोज शेकायची पिशवी घेऊन यायची आणि हा विंचू चावल्यासारखा बाजूला सरायचा. एकदा तिने मला गाठलं. "भावजी, यांना झालंय तरी काय?" मी म्हटलं, "वय, दुसरं काय." लबाडी माझ्या अंगवळणी पडलेली आहे, पण त्या दिवशी मी तिच्याकडे न बघता आत जाऊन बसलो.

तेराव्या आठवड्यात रिपोर्ट आला. दोन ओळी. हर्पिसच्या पहिल्या प्रकारापुढे अठ्ठावीस, दुसऱ्यापुढे एक पूर्णांक आठ, आणि दोन्हींपुढे पॉझिटिव्ह. आता या माणसाचा सगळा जन्म वजनांत गेलेला. त्याने आकडे वजनासारखेच वाचले.

"दुसरा चिमूटभर आहे, तो सोड," घाम पुसत म्हणाला, "पण पहिला बघ. अठ्ठावीस! पुरता भरलोय रे मी."

दंडाला धरून मी त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी कागद पाहिला. "लहानपणी तापात ओठाला फोड यायचे?"

"यायचे. आई मलम लावायची."

"मग हा बहुतेक तोच. पहिला प्रकार निम्म्या जगाच्या रक्तात आहे. आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, असं नसतं. केव्हा लागला, कुणाकडून लागला, तेही रक्त सांगत नाही. आणि ही नागीण नव्हे, ती वेगळी."

"म्हणजे सुटलो?"

"मला काळजी त्या चिमूटभराची आहे. फोडांशी जास्त करून दुसऱ्या प्रकाराचा संबंध असतो. पण एकच्या जरा वर आणि तीनच्या खाली आलेला आकडा पुष्कळदा खोटा निघतो. वेगळ्या पद्धतीने पुन्हा तपासायला हवं."

गुंजभर बऱ्याच दिवसांनी धंद्याचं बोलला. "काटा शून्यापाशी डगमगतोय म्हणा."

"तसंच समजा. बायकोला सांगितलंत?"

"फी किती झाली?" म्हणत याने पाकीट काढलं.

नवं रक्त बाहेरगावी गेलं, दहा दिवस लागणार होते. वाटेत मीच त्याला म्हटलं, "गप्प बस. चांगला निघाला तर कुणाला कळायचं कारण नाही." त्याने मान हलवली. गप्प बसलाही असता. पण सहाव्या दिवशी बायको दुकानात येऊन ढसाढसा रडायला लागली. तो वेगळा पेला, खिशात सापडलेली लॅबची चिठ्ठी, सगळं जुळवून तिने कॅन्सरचं ठरवलं होतं. लेकीला फोनही करून झाला होता.

"अगं, कॅन्सर नाही," तो म्हणाला, आणि मग सगळं सांगितलं. गोदामासकट.

फळीपलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला. ती उठून गेली. चार दिवस दुकानाकडे फिरकली नाही.

दहाव्या दिवशी रिपोर्ट आला. दुसरा प्रकार निगेटिव्ह. त्याने घरी फोन केला, ती आली. कागद तिच्या हातात देताना याचा चेहरा असा, जणू बक्षीसच आणलंय. तिने दोन्ही ओळी वाचल्या.

"त्या परक्या बाईने दोन आठवड्यांत कळवलं," ती म्हणाली. "तुम्हाला चार महिने लागले. तेही मी रडले म्हणून."

"पण आता काही नाही ना गं..."

"तिला सांगितलंत, काही नाही म्हणून? लावा फोन. माझ्यासमोर."

त्याने फोन लावला. तिकडून हॅलो आलं आणि याने फोन कानापासून लांब धरला. बायकोने तो काढून घेतला.

"मी यांची बायको बोलतेय. नाही, ठेवू नका. यांचा रिपोर्ट बरा आलाय, तेवढं सांगायचं होतं. तुमची तब्येत कशी आहे आता?"

पाच-सात मिनिटं बोलत होती. बहुतेक ऐकतच होती. मग फोन गल्ल्यावर ठेवला, माझ्या गाळ्यापुढे आली आणि विचारलं, "भावजी, लेकीच्या गावाला जायला उद्या सकाळची पहिली गाडी कितीला असते?"

नवरा दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याला तिने विचारलं नाही.