पायाची आग

ऐंशी सालानंतरची गोष्ट. भद्रावतीकडच्या कोळसा खाणीत छताची एक लादी सुटून माझ्या डाव्या पावलावर पडली. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, सूजही उतरली. आग मात्र गेली नाही. चादर लागली तरी पावलावर निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. पंख्याचा वारासुद्धा सोसवत नसे. चंद्रपूरकडचा मे महिना, आणि आमच्या क्वार्टरमध्ये पंखा बंद. बायको लेकरांच्या अंगावर ओलं फडकं टाकून त्यांना झोपवायची. मला ती काही म्हणत नसे, आणि तेच मला लागायचं.

बाहेर पडावं तर चप्पल पायात घालवत नव्हती. लेकरं जवळ आली की मी ओरडायचो. मग ती दारातूनच बघू लागली. सोबतचे कामगार भेटायला येत. पायावर दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. एकजण हसत म्हणाला, "पाय तं चांगला दिसून राह्यला भाऊ. खाणीच्या वरची ड्युटी पायजे काय?"

मीही हसलो. तो गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. आपण नाटक तर करत नाही ना, असं मलाच वाटायला लागलं होतं.

शेवटी बायकोनं मला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं एक डॉक्टरबाई जुनाट दुखण्यांचा अभ्यास करत होत्या. मला कळ किती सोसवते ते बघायला त्यांनी माझा हात बर्फाच्या पाण्यात बुडवायला लावला.

"कळ सुरू झाली की सांगा. सोसवेना की हात काढा."

मी दात आवळून बसलो. बोटं बधिर झाली तरी हात काढेना. शेवटी त्यांनीच मनगट धरून तो वर घेतला.

"भाऊ, ही परीक्षा नाही. कोणाला दाखवायचं आहे तुम्हाला?"

मी ओला हात पुसला. मग त्यांनी कापसाचा बोळा उजव्या पावलावरून फिरवला, नंतर डाव्यावरून. मी किंचाळलो.

"जखम भरली," त्या म्हणाल्या, "पण नसा अजून जखम असल्यासारख्याच वागताहेत. दुखणं खरं आहे."

मागे उभी असलेली बायको रडायला लागली. "मले वाटे, हात लावू देत नाही म्हणजे यायले आता मीच नको झाली."

बाईंनी नसा शांत करायच्या गोळ्या दिल्या. आग पुरती जाईलच असं नाही, हेही सांगितलं. पाऊल रोज चोळायचं होतं: आधी कापसानं, मग मऊ लुगड्यानं, मग खरखरीत टॉवेलानं. औषधाच्या दुकानदारानं "ह्या तं डोक्याच्या गोळ्या हायेत" म्हटलं आणि कॉलनीत मी वेडा ठरलो. बायको कोणाशी भांडली नाही. रोज संध्याकाळी ती पाय मांडीवर घ्यायची, आणि मी उशी चावत पडून राहायचो.

पुढच्या हिवाळ्यात सैल कॅनव्हासचा बूट पायात गेला. खाणीत पुन्हा उतरलो नाही. वरच, कामगारांना दिवे देण्याच्या खोलीत काम मिळालं. आग अजून आहे. एखाद्या दिवशी ती पोटरीपर्यंत चढते. तेव्हा मी बायकोला सरळ सांगतो, "आज हात नको लावू, आज लय दुखून राह्यलं."