नरसिंहाची मान

तुळशीराम उंद्रीजवळच्या खेड्यात वांगी पिकवायचा. वर्षभर त्याला कुत्रं विचारत नसे, पण नरसिंह जयंतीला गावाचा देव तोच! देवळातला जड लाकडी मुखवटा बांधायचा मान त्याच्या घराण्याचा. पहाटे नैवेद्य दाखवून मुखवटा चढवला, की बोलायचं नाही अन् मान हलवायची नाही. बाया समोर येऊन गाऱ्हाणं सांगत. मुखवटा आपणहून झुकला तर देवाचा होकार, डावा-उजवा हलला तर नकार. बहुतेकदा तो ढिम्मच राही. बाप बजावून गेला होता, “मान तुही नाही बे, त्याची हाय.”

महाराष्ट्र झाला, त्याच्या पुढच्याच साली शालूबाई समोर आली. तिचा नवरा हिंमतराव जालन्याला कापसाच्या जिनिंगात कामाला म्हणून गेला तो गेलाच, ना निरोप ना पत्ता. दुसरबीडहून भाऊ अर्जुनराव तिचा दुसरा पाट लावून द्यायला आलेला. स्थळही चांगलं होतं. तिनं पदर पसरला, “देवा, धनी वापस येतीन का?”

नेमका तेव्हाच घामाचा थेंब तुळशीरामच्या डोळ्यात उतरला. डोळा चरचरला, मान जराशी कलली, बाकीचं वजनानं केलं. झालं! “होकार! देवानं होकार देल्ला!” गाव नाचलं अन् हा आत मुका. बरं, मुखवटा उतरल्यावर तरी बोलावं? पण लोक पाया पडत होते. उद्या सांगू, परवा सांगू, करत राहूनच गेलं.

अर्जुनराव हात हलवत परत गेला. शालूबाई रोज जालन्याच्या एसटीच्या वेळेला फाट्यावर जाऊन उभी राहू लागली. वर्षं सरली, तिचे केस पिकले. तुळशीरामनं फाट्याची वाटच सोडली. वांग्यांची पाटी घेऊन बांधाबांधानं जायचा. घास गोड लागेना. बायको रुक्मिणीबाई विचारायची, “काऊन असे झुरून राह्यले?” काय सांगणार, कपाळ!

शेवटी एका चैत्रात त्यानं शालूबाईचं दार गाठलं आणि सगळं ओकून टाकलं. “वहिनी, तो देव नव्हता. माहा घाम होता. पाप केलं म्या. तुमचा जन्म नासवला.”

तिच्या हातातलं सूप थांबलं. ते खाली ठेवून ती म्हणाली, “भाऊजी, तुमच्या शब्दावर कुंकू कसं पुसू मी? होकार देवानं देल्ला, आता नकारबी त्यानंच देऊ द्या.”

जयंतीला ती पुन्हा समोर उभी राहिली. तेच गाऱ्हाणं, तोच पदर. हिंमतराव जिवंत आहे की मेला, हे मुखवट्याआड घामाघूम झालेल्या तुळशीरामला कुठं ठाऊक होतं? पण ढिम्म राहिलं तर ही बाई मरेपर्यंत फाट्यावर उभी राहणार. त्यानं डोळे घट्ट मिटले आणि मान डावी-उजवी हलवली.

शालूबाईनं पदरानं कुंकू पुसलं, मुखवट्यापुढं भुईला डोकं टेकवलं आणि म्हणाली, “सुटले रे देवा.”

त्या दिवसापासून ती फाट्यावर गेली नाही. तुळशीराम जातो. जालन्याची एसटी आली, की काळीज मुठीत धरून उतरणाऱ्या एकेका माणसाचं तोंड बघतो.