काकू तासभर गप्प बसल्या

आमच्या काकूंना गप्प बसलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं, तेही तासभर. घाम मात्र माझा निघाला.

आमचा कारखाना चष्म्याच्या काचा बनवतो. दुकानांचे संगणक आमच्या संगणकाला थेट ऑर्डर पाठवतात. त्या सोयीला एपीआय म्हणतात. ती मी बांधली. ऑर्डरीतल्या रकान्यांना, म्हणजे पॅरामीटरना, मी नावं दिली 'व्हॅल-वन', 'व्हॅल-टू', 'फ्लॅग'. मला कळत होतं, झालं तर! दुकानवाल्यांना काही कळायचं नाही, मग ते आमच्याकडे फोन घेणाऱ्या काकूंना फोन करायचे.

कारखान्यात येण्याआधी काकू अठरा वर्षं चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होत्या. तोंडाचा पट्टा अखंड चालू. पण एका आजोबांच्या डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसून गेली, त्या दिवशी त्या तरातरा माझ्या टेबलापाशी आल्या.

"अरे बाबा, पोटच्या पोराचं नाव 'व्हॅल-वन' ठेवशील का? सरळ 'उजव्या डोळ्याचा नंबर' म्हण. आणि उजवा कुणाचा, चष्मा घालणाऱ्याचा की समोरच्याचा, तेही लिही."

"तुम्हीच लिहा ना!" मी वैतागून म्हणालो.

एवढं निमित्त पुरलं. तीन महिने त्यांनी मला सळो की पळो करून सोडलं.

"नंबर वजा असला तर?"

"वजाचं चिन्ह द्यायचं."

"नाही दिलं तर?"

"अधिक धरला जातो."

"आणि हे तू एकट्यानेच पोटात ठेवलंस?"

सगळी नावं बदलली, माहितीपुस्तिका तयार झाली. साहेबांनी ती लांबूनच पाहिली. "एवढी पोथी वाचणार कोण? पुढच्या महिन्यापासून काकू पूर्ण वेळ फोनवर."

काकूंचा चेहरा पडला. पण त्या हटल्या नाहीत. "घोडामैदान जवळच आहे. नव्या दुकानाच्या प्रोग्रामरला बोलवा. नुसतं वाचून त्याने ऑर्डर पाठवायची. एक जरी प्रश्न विचारला, तर मी फोनवर. मी शेजारी बसेन, पण अवाक्षर काढणार नाही."

प्रोग्रामर आला. जाड भिंगांचा, गंभीर. त्याने स्वतःच्याच चष्म्याची ऑर्डर भरायला घेतली. काकू तोंडावर रुमाल धरून, मूग गिळून बसलेल्या. एका रकान्यापाशी तो अडला. काकूंची बोटं खुर्चीच्या हातावर नाचायला लागली. मीच ओरडून सांगणार होतो, तेवढ्यात त्याने खालची ओळ वाचली: 'डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. साधारण चौपन्न ते चौऱ्याहत्तर. याबाहेर आलं तर पुन्हा मोजा.' त्याने त्रेसष्ट भरलं आणि पुढे सरकला.

'ऑर्डर मिळाली,' पडद्यावर उमटलं. मी टुणकन उडी मारणार, तोच तो वळला.

"एक विचारू?"

साहेबांनी पेन उचललं. काकूंनी डोळेच मिटून घेतले.

"हे लिहिलंय कुणी? वीस वर्षं मी असली कामं करतोय. माझ्यासारख्याचा विचार करून लिहिलेलं आज पहिल्यांदा वाचलं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "फोनसाठी दुसरं कुणीतरी बघतो," ते म्हणाले.

मला इतका आनंद झाला की माझे डोळे भरून आले. आता काकूंना बोलायला पूर्ण मोकळीक होती. पण 'लिहिलंय कुणी?' या प्रश्नाला रुमाल तसाच तोंडावर धरून, शाळेतल्या मुलीसारखा, त्यांनी फक्त हात वर केला.