न्हाणीची आतली कडी

रोशनचा फोन आला तेव्हा मी घुग्घुसला पोराला खाणीकडून मिळालेल्या क्वार्टरमागे कपडे वाळत घालत होते. कोळशाची धूळ बसायच्या आत वाळले पाहिजेत म्हणून इथे सगळ्यांचीच सकाळी घाई असते. "मोठीआई, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला. हातातली ओली चादर तशीच बादलीत टाकली आणि पोराला म्हटलं, गाडी पाहा. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वडसा करत कुरखेड्याकडच्या आमच्या गावी पोचेपर्यंत दुपार झाली. परसराम म्हणजे माझा धाकटा दीर, रोशनचा बाप. गावोगावचे हातपंप दुरुस्त करण्यात त्याची उमर गेली. सायकलच्या दांडीला पाने आणि सळाखी बांधून निघायचा, आणि ज्या गावात जाईल त्या गावात बायका हंडे घेऊन त्याची वाट पाहत असायच्या.

अंगणात माणसं जमली होती. पाणी तापलं होतं, पाट मांडला होता, आणि चौघेजण त्याला उचलून पाटावर घ्यायच्या तयारीत होते. आमच्याकडे शेवटची आंघोळ अंगणातच घालतात, सगळ्यांसमोर. मी चप्पल काढायची विसरून तशीच पुढे गेले आणि म्हटलं, "इथी नाई. न्हाणीत न्या त्याले. अन् आतून कडी लावा." सगळे माझ्याकडे पाहतच राहिले. दयारामभाऊ म्हणजे परसरामचा लहानपणापासूनचा मैतर. तो म्हणाला, "काऊन जी बाई? असं कोणी करते का?" मी एवढंच म्हटलं, "करा ना बाप्पा. एक बार माह्यं ऐका." माझी जाऊ सुमन खांबाला टेकून बसली होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, "वैनी म्हणतेत तसं करा." न्हाणी चांगली ऐसपैस आहे, एक खाट मावेल अशी. रोशन आणि दोघेजण त्याला घेऊन आत गेले आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला. बाहेर बसलेल्या बायकांत कुजबुज झालीच, म्हातारीचं डोकं फिरलं म्हणून.

त्या न्हाणीची गोष्ट आधी सांगते. परसरामचं लग्न झालं तेव्हा गावात कोणाकडेच न्हाणी नव्हती. बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा करायचा, त्यावर जुनं लुगडं टाकायचं, आणि कोणी येत नाही ना हे पाहत पाहत आंघोळ उरकायची. पुरुष तर काय, विहिरीवर, पंपावर, कुठेही. लग्नाला महिना झाला नसेल, तर याने विटा आणल्या, स्वतः गिलावा केला, सागाच्या फळ्यांचं दार बसवलं. हातपंपाच्या सळाखीचा एक तुकडा वाकवून त्याची आतली कडी केली. बाहेरून कडी नाही, फक्त आतून. गावात केवढी वाहवा झाली! नव्या नवरीसाठी याने न्हाणी बांधली म्हणून बायका आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारायच्या. "पाहा परसरामले, शिका काही!" मीसुद्धा चाळीस वर्षं हेच सांगत आले. कोणी पाहुणी आली की तिला न्हाणी दाखवायची आणि म्हणायचं, आमच्या भाऊजींनी बायकोसाठी बांधली. सुमन ऐकायची आणि हसून चहा ठेवायला आत जायची. त्या हसण्याचा अर्थ मला कधी विचारावासा वाटला नाही.

आणखी एक होतं. परसराम कोणाच्याही हळदीला जायचा नाही. लग्नाला जायचा, पंगतीत वाढायचा, पण हळदीच्या वेळी कुठला तरी पंप हमखास बिघडलेला असायचा. आम्ही हसायचो. "भाऊजी, हळदीचा दिवस पाहूनच बिघडते वाटते पंप!" तो सायकलची घंटी वाजवून निघून जायचा.

मग तीनेक वर्षांपूर्वी, मी गावीच राहत होते तेव्हा, आमच्या बचत गटाने ग्रामपंचायतीच्या सभागृहात एक बैठक ठेवली. तालुक्याहून एक तरुण मुलगी आली होती बोलायला. छान बोलली. समोरच्याने हो म्हटल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाही, नको म्हणजे नको, मग तो नवरा असो का नात्यातला. मी पहिल्या रांगेत. मागे काही पुरुषही उभे होते, चहा मिळेल म्हणून. परसराम दारात बसला होता, बाहेरचा पंप खोलून ठेवलेला, मांडीवर पाना. ती मुलगी म्हणाली, "तुमच्यापैकी कोणी कधी नको म्हटलं आणि समोरच्याने ऐकलं नाही, असं झालं असेल, तर हात वर करा. सांगायची सक्ती नाही." बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. कोणी हात वर करेना. मला आठवतं, पंखा करकरत होता... आणि दारातून एक हात वर गेला, ग्रीसने काळा झालेला. परसरामचा.

आधी कोणाला समजलंच नाही. मग दयारामभाऊ मागून ओरडला, "अबे, तुले कोण धरलं बे? आमाले बी पत्ता सांग तिचा!" सगळं सभागृह हसलं. दुसरा म्हणाला, "नशीबवान आहे गड्या!" बायकाही पदर तोंडाला लावून हसल्या. ती मुलगी "एक मिनिट, एक मिनिट" म्हणत राहिली, पण तिचं कोण ऐकतो? परसरामने हात खाली घेतला, पाना उचलला आणि उठून पंपाकडे गेला. मी हसले नाही, असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मीही हसले.

घरी जाताना रस्त्यात मी त्याला गाठलं. मला चैनच नव्हतं. माझा स्वभावच तसा आहे, एखादी गोष्ट समजली नाही की ती पायात काट्यासारखी सलत राहते. म्हटलं, "भाऊजी, खरं सांगा. हात काऊन वर केला जी?" तो सायकल हातात धरून चालत होता. मग म्हणाला, "तुमाले आठवत नाई का वैनी? माहे दोन्ही हात तुमीच धरले होते."

त्याची हळद. चोवीस वर्षांचा होता तो. आमच्याकडे नवरदेवाला हळद लावून भावजया आंघोळ घालत. थट्टामस्करी चालायची, त्यात भावजय-दीर म्हणजे मस्करीचं नातं. त्या दिवशी मस्करी वाढत गेली. कोणीतरी त्याच्या कमरेचा टॉवेल ओढला. तो ओरडला, "नोका, नोका, सोडा मले." मी मागून त्याचे हात धरले होते आणि हसत होते. नात्यातल्या एका बाईचे हात नको तिथे गेले, आणि तिने लवकर थांबवले नाहीत. अंगणात तीस-चाळीस माणसं होती. जो तो हसत होता. मला त्या दिवसाचं आठवत होतं ते एवढंच, की किती मजा आली. ती बाई आता हयात नाही. तिचं नाव मी लिहीत नाही, कारण हात काही तिचे एकटीचे नव्हते.

"मंग ते न्हाणी..." मी म्हटलं. तो म्हणाला, "माह्यासाठी बांधली. त्या दिवसापासून उघड्यावर आंगावर पाणी घेतलं का छाती धडधडते. लोक म्हणले बायकोसाठी, मी म्हटलं म्हणू द्या. चांगलंच हाय." आणि हसला. मी म्हटलं, तेव्हाच काऊन नाही बोललात? तर म्हणाला, "बोललो ना वैनी. नोका नोका म्हणूनच तं राह्यलो होतो."

मी रस्त्यातच उभी राहिले. त्याने सायकल स्टँडला लावली आणि माझ्यासाठी थांबला. मी माफी मागितली, रडले, तर उलट तोच मला समजावत होता. मग म्हणाला, "एक करा. कधी तरी रोशनले सांगा. त्याचंबी लग्न होईन. मी सांगीन तं थो आज लोक हासले तसाच हासन. तुमी होत्या तिथी, तुमी सांगानं तं मानन." मी म्हटलं, सांगते. नक्की सांगते.

त्यानंतर मी लोकांना विचारतच सुटले. नाव घ्यायची नाही, नुसतं विचारायची, की पुरुष नको म्हणाला तर काय समजायचं? बचत गटातली एक म्हणाली, "माणसाले तं मजाच येते ना वं बाई." माझा मुलगा म्हणाला, "आई, आमच्या शिफ्टमधी कोणी असं बोललं ना, तं त्याचं नावच पडते. रिटायर होईपर्यंत त्याच नावानं हाका मारतेत." पोरीची कोणी छेड काढली तर गाव निदान कुजबुजतं तरी, तिची बाजू घेणारं एखादं माणूस निघतं. बाप्याची बाजू घ्यायला कोणी निघतच नाही, कारण झालं ते वाईट आहे हेच मुळात कोणाला वाटत नाही. दयारामभाऊला तर मी सरळच विचारलं, त्या दिवशी तुम्ही एवढे का हसलात जी? तो बांधावर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. घोटता घोटता थांबला. म्हणाला, "मी हासलो नसतो तं लोक म्हणले असते, दयारामले काऊन एवढं लागलं?" एवढं बोलून तो धानावरच्या किडीबद्दल बोलू लागला. मीही पुढे काही विचारलं नाही. कोणाला कुठवर विचारायचं, एवढं तोवर मला कळू लागलं होतं.

आणि स्वतःलाही विचारलं. आम्ही बाया तर वर्षभर नको म्हणायचो आणि आमचं कोणी ऐकायचं नाही. मग आम्हाला तो शब्द ऐकू कसा आला नाही? मला वाटतं, हळदीचा तो एक दिवस असा होता की त्या दिवशी धरणाऱ्या आम्ही होतो. त्याचीच गंमत वाटत असेल... हे मी समर्थन म्हणून सांगत नाही. मला खरोखर जाणून घ्यायचं आहे. वाचणाऱ्यांपैकी कोणाला दुसरं काही सुचत असेल तर मला ते ऐकायचं आहे.

रोशनला मात्र सांगितलं नाही. दिवाळीत सांगू, त्याला निवांत पाहून सांगू, असं करत तीन वर्षं गेली. परसरामने पुन्हा एकदाही आठवण दिली नाही. शेवटचा भेटला तेव्हा खाटेवर होता, उठवत नव्हतं. सुमन त्याचं अंग पुसायला गरम पाणी घेऊन आली, तर मला हाताने खूण केली, बाहेर जा. दार लोटून घेताना मला ऐकू आलं, सुमन त्याला विचारत होती, "पाठ पुसू का जी?" आणि तो म्हणाला, "हव." मग, "हात पुसू का?" "हव." सुमनला लग्नाच्या चौथ्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं, हे तिने मला आता, तो गेल्यावर सांगितलं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी रोशन नव्या न्हाणीघराचं माप घेत होता. जुनी न्हाणी पाडून टाइल्सवाली बांधायची आहे, पुढच्या वर्षी त्याचं लग्न ठरायचं आहे. मी ओट्यावर बसून पाहत होते. दयारामभाऊही आला होता, माप धरायला. मी म्हटलं, "दार पाड, भिंती पाड. पण ते कडी काढून नव्या दाराले लाव."

"मोठीआई, नव्या दाराले स्टीलची येते. हे तं गंजली."

"गंजली नाई. पाह्य ना."

तो वाकून पाहू लागला. बाकीची सळाख तांबूस झाली होती, पण जिथे बोटं लागतात तिथे ती चकचकीत होती, रोज घासलेल्या भांड्यासारखी. त्याने बोट फिरवलं. "एवढं काऊन पण? आईसाठी बांधली म्हणून?"

दयारामभाऊ टेप गुंडाळून जायला निघाला. मी म्हटलं, "थांबा जी भाऊ, तुमीबी बसा." तो क्षणभर उभा राहिला, मग पायरीवर टेकला. आतून सुमन आली आणि दाराला टेकून उभी राहिली. तिला आणि रोशनला विचारूनच मी आज हे लिहिते आहे.

"बस रोशन," मी म्हटलं. "तुह्या बाबाच्या हळदीच्या दिवशी त्याचे दोन्ही हात मी धरले होते..."