बस आणि सोडा

ती केस आठवली की अजून डोकं तडकतं. सत्तरच्या दशकातलं लंडन, मी तिथे पोलिसात होतो. एका सिनेमा क्लबात मशीन चालवणाऱ्याने ठाण्यात फोन केला. म्हणाला, "नवीन पिक्चर आलाय. घाणेरडे सिनेमे कसे बनतात, त्याची डॉक्युमेंटरी. त्यात एक इंडियन बाई आहे. ती नाटक करत नाहीये. मी हे लावणार नाही."

आम्ही रीळ जप्त केलं. निर्माता चौकशीला आला, उंची सूट, सोबत वकील. "ऑफिसर, हा अभ्यास आहे. दिवे, कॅमेरे, सगळं पडद्यामागचं दाखवलंय. कुणावर जबरदस्ती नाही."

इन्स्पेक्टरने रीळ लावलं. तिशीतली बाई, साडीत, पलंगाच्या कडेला. दोघं जण तिचा पदर ओढतायत. ती काहीतरी बोलते.

"काय म्हणतेय ही?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"घरी जायची बस विचारतेय," निर्माता हसला. "आणि सोडा मागतेय. दिव्यांखाली तहान लागते. दोन्ही मिळालं तिला."

सगळे हसले. इन्स्पेक्टरसुद्धा. मी म्हटलं, "सर, रीळ मागे घ्या."

पुन्हा ऐकलं. "बस. बस म्हटलं ना. सोडा मला."

ठाण्यात मराठी मला एकट्यालाच यायची. मी इंग्रजीत सांगितलं, बस म्हणजे पुरे, आणि सोडा म्हणजे मला जाऊ द्या. वकिलाने पेनाचं टोपण लावलं.

असले सिनेमे मुके काढायचे, आवाज मागाहून चिकटवायचे. त्यात तिचा शब्द राहिलाच नसता. पण याला डॉक्युमेंटरीची हौस, म्हणून माईक चालू ठेवलेला. हरामखोर स्वतःच्या शहाणपणात अडकला.

बाई सापडली. नवरा लीड्सला हॉस्पिटलात कामाला, ही लंडनला नणंदेकडे राहून शिवणकाम करायची. कपडे शिवायला म्हणून बोलावलं, मग दिवे तपासायचेत म्हणून पलंगावर बसवलं. एवढं सांगून म्हणाली, "भाऊ, कोर्टात माझं नाव आलं तर मी संपले."

मी बायकोला घेऊन तिच्याकडे गेलो. बायको मलाच म्हणाली, "तुम्ही बाहेर उभे राहा. हा युनिफॉर्म बघून कोण बोलेल?" बऱ्याच वेळाने बायकोने दार उघडलं. "ती बोलणार आहे. मी शेजारी बसेन. तिचं एकच म्हणणं आहे, ते रीळ जगात राहता कामा नये."

खटला चालला तो अश्लीलतेचा. बघणाऱ्याचं मन बिघडतं की नाही, यावर दोन्हीकडचे वकील घसा फोडत होते. तिचा जबाब बाजूला ठेवला. म्हणे, मुद्दा तो नाही. मग कुठला होता, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. रीळ नष्ट करायचा हुकूम झाला. निर्माता दंड भरून घरी गेला.

कोर्टाच्या पायरीवर तिने विचारलं, "भाऊ, सगळ्या नकला जळणार ना?"

"आमच्या हाती आलेल्या जळतील," मी म्हटलं. खोटं बोलवेना. बायकोने तिचा हात धरला, तो बस स्टॉपपर्यंत सोडला नाही.

बायको यंदा गेली. ती बाई आली, माझ्यासाठी भात लावला, जेवायला बसवलं.

त्या केसने मला एक शिकवलं. "तिची तयारी होती" असं कुणी म्हटलं की मी विचारतो, ती काय बोलली ते तुला कळलं होतं का? आजवर एकानेही हो म्हटलेलं नाही.